कोल्ड स्टोरेजमधला नवा माणूस

लीलाधर पाटलाला जगात कुणाचाच भरवसा नव्हता. दूधवाला पाणी घालतो हे सगळ्यांनाच वाटतं, पण ते पाणी तो कुठलं घालतो याचीही याला शंका. घरी फोन वाजला आणि पलीकडून कुणी बोललं नाही, की हा रिसीव्हर ठेवायचा आणि खिडकीच्या पडद्याआड जाऊन उभा राहायचा. त्याची बायको पुष्पाबाई म्हणायच्या, "संशयाला औषध नाही." खरंच नाही. पण नवऱ्याच्या संशयाला कारण मात्र होतं, आणि ते त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

लीलाधरचं चांदणं म्हणजे कातडं. जाड कातडी जाकीट, रुंद पट्टा, गुडघ्यापर्यंतचे बूट. त्यांचा वास, त्यांचं वजन, बटण लावताना छातीवर येणारा तो ताण. माणूस पाणी काढायच्या मोटारींची एजन्सी चालवणारा, चारचौघांत मान असलेला, लेवा समाजाच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसणारा. पण जे सुख त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत बायकोजवळ बोलून दाखवता आलं नव्हतं, ते त्या जाकिटात शिरलं की मिळायचं. आता यावर हसायचं त्यानं हसावं. कुणाचं सुख कुठे दडलेलं असेल, हे सांगायला ब्रह्मदेवही यायचा नाही.

अडचण एवढीच, की गाव जळगाव. जिथे उन्हाळ्यात मलमलीचा सदरा अंगावर जड होतो, तिथे कातडी जाकीट कोण घालणार? त्यावर तोड काढली होती रतिलालशेठनं. रतिलालचं औद्योगिक वसाहतीत कोल्ड स्टोरेज होतं, मिरची आणि चिंच ठेवायचं. महिन्यातून एका रविवारी दुपारी कामगारांना सुट्टी द्यायची आणि मागच्या थंडगार खोलीत मंडळींनी जमायचं. भर मे महिन्यात जाकीट घालून गरम चहा पिता येईल अशी अख्ख्या जिल्ह्यात ती एकच जागा. बाहेर विचारलंच कुणी, तर सांगायचं, मोटारसायकलवाल्यांचा क्लब आहे. फाटकाशी एक बुलेट आणि एक राजदूत उभी असायची, त्यामुळे लोकांना पटायचंही.

रतिलाल मोठा मजेदार माणूस. घरात कांदा-लसूण चालत नाही, आई पाकीटसुद्धा कापडी वापरायला लावते, आणि याचा जीव कातड्यात. डाळीच्या धंद्यापायी तो मुंबईला जायचा, तिथे या शौकाची बडी मंडळी जमतात असं त्याला कळलं. गेला. त्याचं धोतर आणि त्याचं इंग्रजी बघून त्यांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. तो अपमान त्याच्या हाडात बसला. परत येऊन त्यानं स्वतःची बैठक मांडली आणि एक नेम केला, की आपल्या दारातून कुणाला परत पाठवायचं नाही.

या नेमानं लीलाधरचा जीव टांगणीला लागला होता. आधी रतिलालनं भिकन शेख या मेकॅनिकला आणलं. लीलाधरनं वर्षभर त्याच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. मग सुनंदाबाई आल्या, दवाखान्यात नर्स, नवरा वारलेला, स्वतःचे बूट स्वतः शिवून घेतलेल्या. "बाई कशाला?" म्हणून लीलाधर दोन बैठका रुसून बसला. पुढे भिकननंच त्याची राजदूत नीट केली आणि सुनंदाबाईंनी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलून आणल्या, तेव्हा कुठे गडी वळणावर आला.

बैठकीची एक रीत होती. नव्या माणसानं खाली बसून प्रत्येकाच्या पायातल्या बुटांना एरंडेल तेल लावायचं. बूट पायातच. मग त्याला हात धरून उठवायचं, चहा द्यायचा, की झाला तो आपला. भिकननं हे काम सर्व्हिसिंग केल्यासारखं उरकलं होतं. सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, "इतक्यांची मलमपट्टी केली, बुटांचं काय घेऊन बसलात." खुद्द लीलाधरलाही आपला तो दिवस आठवला की अजून अंगावर शहारा यायचा, आणि तो वाईट नव्हता.

गणपती दूध प्यायला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रतिलालनं सुकदेव तायडेला आणलं. तिशीतला, सडपातळ, बेताचं बोलणारा. धुळ्यात पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला, राहायला देवपुरात. मुंबईत जाकिटांच्या एका दुकानात तो एका बाहीवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा होता आणि काहीच न घेता निघाला होता. रतिलालनं ती नजर ओळखली आणि मागोमाग जाऊन त्याला चहाला नेलं.

लीलाधरच्या मनात पाल चुकचुकली ती त्याच्या पायांकडे बघून. पायांत कॅनव्हासचे बूट. कमरेला कापडी पट्टा. खांद्याला रेक्झिनची पिशवी. अंगावर कातड्याचा एक तुकडा नाही. मटणाच्या पंगतीला यावं आणि भात कालवत बसावं, तशातली गत.

रतिलालनं तेलाची बाटली पुढे केली तेव्हा सुकदेव बाटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेठ, हे सोडून काहीही सांगा."

"अरे, रीत आहे आपली. सगळ्यांनी केलंय."

"सगळ्यांनी केलं असेल. मी नाही करणार."

रतिलालनं बाटली बाजूला ठेवली आणि त्याला चहा दिला. सुकदेवनं तो घेतला, भिंतीला टेकून प्यायला, मग हळूच रतिलालच्या जाकिटाच्या कॉलरवर बोट फिरवून म्हणाला, "छान आहे." एवढंच. शेवटच्या एस.टी.च्या आधीच तो निघून गेला.

त्यानंतरच्या दोन बैठकांना तो आला आणि दोन्हींत हेच झालं. तेल नाही, कातडं नाही, नुसतं बघणं. लीलाधरची झोप उडाली. सरकारी माणूस. रीत पाळत नाही. स्वतः काही घालत नाही, म्हणजे उद्या बोट दाखवायची वेळ आली तर हा कोरडा. त्याच महिन्यात एका लॉजवर पोलिसांची धाड पडली होती आणि सांजच्या पेपरात नावं छापून आली होती. त्या लॉजचा यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण लीलाधरनं ते पान दुकानात तीनदा वाचलं. मुलीचं लग्न ठरत आलेलं. आपलं नाव असं छापून आलं तर सोयरे परत फिरतील, आणि समाजाच्या मेळाव्यात पहिली रांग तर सोडाच, मांडवाच्या दाराशीही कुणी उभं करणार नाही.

तो रतिलालकडे गेला. "तो खबऱ्या आहे."

"भिकनही खबऱ्या होता. बाईही खबरी होत्या. तुझ्या हिशेबानं आपण सगळे पोलीसच रे."

"त्यांनी बुटांना तेल लावलं होतं. हा का लावत नाही? ज्याला आपलं व्हायचंय त्याला एवढं काय जड जातं?"

"त्यालाच विचार ना."

"त्याला विचारून तो खरं सांगेल? मी शोधून काढतो. आणि मी म्हणतो तसं निघालं, तर एक तर तो नाही तर मी."

रतिलाल गप्प बसला. लीलाधरला ते संमतीसारखं वाटलं. माणसाला हवं तिथे हवं ते ऐकू येतं.

सुकदेव ऑफिसात असेल असा दिवस बघून लीलाधरनं धुळ्याची एस.टी. पकडली. पांझरेच्या पुलापलीकडे देवपुरात उतरून दोन टपऱ्यांवर चौकशी केली आणि एका बैठ्या घरापुढे आला. ओसरीत एक म्हातारा चष्मा पुसत बसला होता. सुकदेवचे वडील, आधार तायडे. पोस्टमन होते, आता रिटायर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली निळ्या कापडावर पुस्तकं.

लीलाधरनं चपला बाहेर काढल्या आणि आत आला.

"या, बसा. सुकदेव हाफिसात गेला. काय काम होतं?"

लीलाधरनं वाटेत सगळी तयारी केली होती. आजवर हजार वेळा वापरलेलं उत्तर त्यानं सफाईनं पुढे केलं. "काही नाही आबा, जळगावहून आलो. आमचा मोटारसायकलवाल्यांचा क्लब आहे. सुकदेव येतो ना आमच्यात. धुळ्याला आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

म्हाताऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "मोटारसायकलवाल्यांचा?"

"हो."

"त्याच्याजवळ मोटारसायकल नही. त्याले चालवताबी येत नही."

क्लबाची ही थाप मंडळींनी मोटारसायकल असलेल्यांसाठी रचली होती. एस.टी.नं येणाऱ्यासाठी ती चालते का, हा विचार या शहाण्या लीलाधरला कधी शिवलाच नव्हता.

"आमाले तर तो सांगे, खात्याच्या परीक्षेचा क्लास राह्यते जळगावले, रविवारचा," म्हातारा सावकाश म्हणाला. "आता तुमी म्हन्ता क्लब. आडनाव काय तुमचं?"

"पाटील."

"कुठचे?"

"यावलकडचे. केळीचा मळा आहे आमचा तिकडे. मी जळगावलाच असतो."

आधारबाबा उठले, आतून पाण्याचा पेला घेऊन आले आणि लीलाधरसमोर ठेवला. मग समोर बसून बघत राहिले. लीलाधरला ते बघणं कळलं. त्यानं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला, तहान होती त्यापेक्षा जरा जास्तच घाईनं.

"जोडे बाहेर काढले ते बरं केलं," म्हातारा म्हणाला. "आमच्या घरात कातडं येत नही. खात्यानं चामडी चपला देल्या होत्या, म्या वापस केल्या. रबरी जोड्यावर नोकरी काढली."

"का बरं?" लीलाधरनं विचारलं. विचारायची गरज होती असं नाही, पण हा माणूस पुन्हा क्लबावर येऊ नये म्हणून त्यानं विचारलं.

"आमचं गाव जामनेरकडे. बाप मेलेली ढोरं ओढे. मी लहान होतो तवा मले एकच काम. पाटील बाजारले निंघाले का त्यायच्या जोड्यायले तेल लावाचं. पाय घातलेले जोडे नही हां, अंगाले हात लागला असता. ओट्यावरून खाले फेके. म्या तेल लावाचं अन् पायरीवर ठेवाचं. दिक्षा घेतली त्या दिवशी बापानं सांगतलं, ढोर ओढनं बंद, जोडे पुसनं बंद, कातडं घरात बंद. बापाच्या मांगं म्या ते चालोलं. सुकदेवबी चालोते. अजून त्यानं पायात कातडं घातलं नही."

लीलाधरनं मान खाली घातली. कॅनव्हासचे बूट, कापडी पट्टा, "हे सोडून काहीही सांगा." सगळं लख्ख कळलं. ज्या रीतीची आठवण त्याला गोड वाटायची, ती या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानेवर बसली होती, आणि तेही त्याच्याच आडनावाच्या माणसांनी बसवलेली. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी लाज वाटली.

"तुमचं नेमकं काय काम होतं, पाटील?" म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. आता आवाज पहिल्यासारखा नव्हता. "माझा पोरगा रविवारी कुठी जातो?"

"त्यालाच विचारा, आबा," असं म्हणून लीलाधर जवळजवळ पळतच बाहेर आला.

परतीच्या एस.टी.त त्याला वाटलं, आपण त्या पोराचं वाटोळं केलं. पण पारोळं येईपर्यंत दुसरंच काहीतरी वळवळायला लागलं. घरात एवढी शपथ असताना हा आपल्यात येतो तरी कशाला? पाटील, वाणी, सगळ्यांची बिंगं जमवायला? एक दिवस उट्टं काढायला? संशयाचं असंच असतं. एक दार लावलं की तो मागच्या दारानं आत येऊन बसतो.

रतिलालला त्यानं काहीच सांगितलं नाही. पुढच्या बैठकीला मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. सुकदेव येणार नाही अशी त्याला धास्ती होती आणि येईल अशीही होती.

सुकदेव आला, उशिरा. हातात कापडी पिशवी. दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "माझ्या घरी कोण आलं होतं?"

भिकन आणि सुनंदाबाई एकमेकांकडे बघू लागले. रतिलालनं मात्र सरळ लीलाधरकडे बघितलं.

"मी," लीलाधर म्हणाला. "मला वाटलं तू खबऱ्या आहेस."

"आणि आबांना काय सांगितलंत? मोटारसायकलचा क्लब."

"चुकलं माझं."

"चुकलं?" रतिलाल भडकला. "लीलाधर, त्या मुंबईवाल्यांनी मला दारात अडवलं. तू तर याच्या दारात जाऊन याला अडवलंस."

लीलाधर खाली बसला, फळीवरची एरंडेलाची बाटली ओढली आणि सुकदेवच्या पायांकडे सरकला. "आज मी लावतो. तुझ्या बुटांना."

"कॅनव्हासला तेल?" भिकन पुटपुटला, आणि सुनंदाबाईंनी त्याला कोपरानं गप्प केलं.

सुकदेवनं पाय मागे घेतले. "उठा भाऊ. तुम्ही खाली बसलात तरी खेळ तुमचाच. आजवर मी खाली बसावं असं तुम्हाला वाटत होतं, आता मी वर बसावं असं वाटतंय. मला कुणाच्या पायाशी बसायचं नाही आणि कुणाला माझ्या पायाशी बसवायचंही नाही. या खोलीत मला मी होऊन जाकीट घालायचंय आणि तुमच्यासोबत चहा प्यायचाय. त्याला इतकी चौकशी लागते?"

"नाही लागत," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी लीलाधरच्या हातातून बाटली काढून घेतली. "शेठ, ही रीत बंद करा. ज्याचे बूट त्यानं बघावे. ज्याला आवडीनं लावायचं त्यानं लावावं, पण दाराशी नको."

रतिलालनं मान डोलावली. मग सुकदेवला विचारलं, "घरी काय झालं?"

सुकदेवनं पिशवी खाली ठेवली. "आबांनी विचारलं. मी सांगितलं, मला कातडं अंगावर घालायला आवडतं. का आवडतं ते मलाही माहीत नाही. जाकीट नंतर मुंबईहून आणून ऑफिसच्या कपाटात ठेवलंय, अजून एकदाही घातलेलं नाही, हेही सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. ते दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, 'कोनाचं ओढाचं नही ना? कोनाचं पुसाचं नही ना?' मी म्हटलं, नाही. 'मंग तुह्यं तू पाह्य. पन मी जित्ता हाओ तोवर उंबऱ्याच्या आत आनू नको.' आता माझ्याशी फारसं बोलत नाहीत. पण घरातून काढलं नाही."

लीलाधरचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत.

सुकदेवनं पिशवीतून जाकीट काढलं. साधं, काळं, बिनझगमगाटी. त्यानं हात घातले, बटणं लावली आणि डोळे मिटून उभा राहिला. खोलीत यंत्राची घरघर तेवढी चालू होती. चेहऱ्यावरचा सगळा ताण त्या एका क्षणात उतरलेला सगळ्यांनी बघितला. ते सुख या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. लीलाधरला मनापासून वाटलं, हा आपला माणूस. संशय फिटला.

चहा झाला, गप्पा झाल्या. भिकननं जाकिटाची शिवण तपासून पसंतीची पावती दिली. निघायच्या वेळी सुकदेवनं जाकीट काढलं. "हे घरी नेता येणार नाही, आणि ऑफिसात ठेवायचा कंटाळा आला. इथे राहू दे?"

"राहू दे की," रतिलाल म्हणाला. "टांग तिथे, सगळ्यांची आहेत तिथेच."

भिंतीवर खुंट्यांची लाकडी पट्टी होती. मधल्या खुंटीवर लीलाधरचं जाकीट, तिच्या शेजारची रिकामी. सुकदेव जाकीट घेऊन पुढे झाला, आणि त्याच क्षणी लीलाधरचा हात पुढे गेला. त्यानं आपलं जाकीट जरा पलीकडे सरकवलं. दोन बोटं, फार तर तीन.

सुकदेव थांबला. त्यानं आधी त्या जाकिटाकडे बघितलं, मग लीलाधरच्या हाताकडे.

"भाऊ, जागा केली की अंतर ठेवलं?"

लीलाधरनं तोंड उघडलं. जागा केली रे, असं अगदी जिभेवर आलं होतं, पण स्वतःचाच हात अजून हवेत होता आणि तो हात कशासाठी पुढे गेला हे त्याला खरोखर सांगता येईना. साऱ्या जगावर संशय घेतला, पण या हातावर घ्यायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

सुकदेवनं मान हलवली. ते उत्तर त्यानं घेतलं की नाकारलं हे काही कळलं नाही. रिकामी खुंटी तशीच सोडून त्यानं आपलं जाकीट लीलाधरच्या खुंटीवर, लीलाधरच्याच जाकिटावर चढवलं, कॉलर नीट केली आणि पिशवी उचलली.

"पुढच्या वेळी आधी तुम्ही आलात," तो म्हणाला, "तर तुमचं घालायला आधी माझं हातात घ्यावं लागेल. तेव्हा कळेल."